मंजुळेचा आवाज, आमची बोली

भक्ती बर्वे यांचा जन्म १० सप्टेंबर १९४८ चा, सांगलीतला. त्यानंतर तिसऱ्या दिवशी भारतीय फौजा सोलापूरच्या बाजूनं निजामाच्या राज्यात शिरल्या आणि पहिली झटापट आमच्या नळदुर्गात झाली. १७ सप्टेंबरला हैदराबाद शरण आलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी तसा काही संबंध नाही. पण भक्तीताईंच्या आयुष्याकडे धाराशिवातून बघताना तो आठवडा माझ्या मनातून हलत नाही. त्या आठवड्यानंतर आमच्या जिल्ह्यात मराठीचा कारभार नव्यानं सुरू झाला. पुढे ती मराठी कशी बोलायची हे ज्या आवाजांनी आमच्या कानांवर घातलं, त्यांत त्याच आठवड्यात जन्मलेल्या या मुलीचा आवाज मी फार वरच्या जागी धरतो.

मुंबईच्या रंगभूमीवर आणि मुंबई दूरदर्शनवर वाढलेल्या अभिनेत्रीच्या चरित्राला धाराशिवच्या माणसानं प्रस्तावना का लिहावी, असं वाचकाला वाटेल. तिच्या कामातला सगळ्यात मोठा भाग बोलण्याचा आहे, आणि बोलण्यावरून माणसाची किंमत कशी ठरते हे आमच्याकडच्या माणसाला शिकवावं लागत नाही, एवढंच त्याचं उत्तर. बाकी जे आहे ते पुढं येईलच.

निजामी राजवटीत कचेरीची भाषा उर्दू, वरच्या वर्गांची भाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठाची भाषा उर्दू. मराठी राहिली ती घरात, शेतात, भजनात आणि देवीच्या दारात. त्या काळात हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली, स्वामी रामानंद तीर्थ तिथं शिकवायला आले, हे इथली म्हातारी माणसं अजून छाती भरून सांगतात. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. एका पिढीच्या आत आमच्या माणसांना अर्ज, खटला, परीक्षा, नोकरीची मुलाखत हे सगळं पुस्तकी मराठीत करावं लागलं. मराठी आमचीच, पण तिचा हा पेहराव पुण्या-मुंबईकडून शिवून आलेला होता. घरात मात्र ‘काय करलालास?’ आणि ‘मी येताव’ हेच चालू राहिलं. उमरग्याकडे, नळदुर्गाकडे त्यात कानडीचा हेल मिसळला, परंड्याकडे सोलापुरी वळण आलं. आजही इथलं पोरगं शिकायला पुण्याला गेलं की पहिले काही आठवडे वर्गात तोंड उघडत नाही. ‘पानी’ म्हटलं की मागच्या बाकावरून हसू येतं, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलेलं असतं. मग ते हळूहळू दुसऱ्याच्या तोंडानं बोलायला शिकतं, आणि दिवाळीला गावी आलं की आजी विचारते, ‘असं काय बोलाय लागलास रे?’

‘ती फुलराणी’ हे नाटक नेमकं याच दुखण्याचं आहे.

मूळ नाटक जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचं ‘पिग्मॅलियन’. ते १९१३ साली पहिल्यांदा रंगमंचावर आलं. लंडनच्या फुटपाथवर फुलं विकणारी एलायझा आणि तिचे उच्चार सुधारून तिला सरदार घराण्यातली म्हणून मिरवून दाखवण्याची पैज लावणारा उच्चारशास्त्राचा प्राध्यापक, एवढी गोष्ट. तिच्यावरून १९५६ साली ‘माय फेअर लेडी’ हे संगीतनाट्य झालं आणि १९६४ साली त्याचा चित्रपट. मुंबईत इंडियन नॅशनल थिएटरनं गुजरातीत हीच गोष्ट ‘संतु रंगीली’ म्हणून आणली, तिच्यात सरिता जोशी होत्या. मराठीत ती पु. ल. देशपांडे यांनी आणली, १९७५ साली, त्याच संस्थेसाठी. प्राध्यापक अशोक जहागीरदार झाले सतीश दुभाषी आणि फुलवाली मंजुळा साळुंके झाल्या भक्ती बर्वे. प्रयोग हजारावर गेले. पुढे प्रिया तेंडुलकर, सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी अशा गुणी नट्यांनी मंजुळा केली, आणि प्रत्येकीला भक्ती बर्वे यांच्या आठवणीशी सामना करूनच ती करावी लागली.

पु. लं.नी हे नाटक मराठीत आणताना जे केलं ते नीट बघायला हवं. इंग्लंडात उच्चारावरून माणसाचा वर्ग कळतो. आपल्याकडे उच्चारावरून वर्ग कळतो, गाव कळतं, आणि जातही कळते. मंजुळा तोंड उघडते तेव्हा समोरच्या प्रेक्षागृहाला तिच्याबद्दल बरंच काही एका क्षणात समजतं, किंवा समजलं असं वाटतं. शिवाजी मंदिरात बसलेला प्रेक्षक त्या क्षणी हसतो. तो वाईट माणूस असतो म्हणून हसत नाही, लेखकानं त्याला हसण्याची जागा दिलेली असते. खरा प्रश्न असतो तो नटीपुढे. हे हसू तिनं वेचून खिशात घालायचं, की त्याला कुठंतरी अडवायचं?

भक्ती बर्वे यांनी ते अडवलं. मंजुळेची बोली त्यांनी प्रमाण मराठी बिघडवून तयार केली नाही, यावर माझा सगळा भर आहे. पुष्कळ नट ग्रामीण किंवा झोपडपट्टीतलं पात्र करताना शुद्ध वाक्य मनात धरतात आणि बोलताना त्याचे ‘ण’ काढून ‘न’ घालतात, दोन-चार शब्द चिरडतात. अशी बोली ऐकताना पात्र अडाणी वाटतं, कारण नट मनातून त्याला चुकताना बघत असतो. भक्तीताईंची मंजुळा चुकत नव्हती. तिच्या बोलण्याला स्वतःचा श्वास होता, वाक्य कुठं चढवायचं, कुठं तोडायचं, कुठं शब्दाला ओढून धरायचं याचे तिचे स्वतःचे नियम होते. ती भांडताना ज्या वेगानं बोलत असे त्या वेगानं प्रोफेसर बोलूच शकला नसता. तिचं ते गाजलेलं स्वगत आज महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेच्या स्नेहसंमेलनात कुणीतरी मुलगी म्हणते. त्यात मंजुळा प्रोफेसरवर सूड उगवण्याची स्वप्नं रंगवते. रागात हसू शिरतं, हसण्यात रडू शिरतं, मध्येच ती प्रोफेसरचीच नक्कल करते आणि पुन्हा स्वतःच्या आवाजात परत येते. इतक्या उड्या मारताना बोलीचा तोल एकदाही जात नाही. संमेलनातल्या मुली तिचा ठसका उचलतात आणि तिचं दुःख तिथंच राहून जातं, कारण ते शब्दांत कमी आणि शब्दांच्या मधल्या श्वासांत जास्त आहे.

नाटकाबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती इथं मांडतो. गोष्ट कितीही प्रेमानं सांगितली तरी तिच्या पोटात एक गृहीत आहे: वर जायचं तर बोलणं बदलावं लागतं, आणि बदललेलं बोलणं हेच सुधारलेलं बोलणं. शॉनं प्राध्यापकाच्या उर्मटपणाची भरपूर खिल्ली उडवली, पु. लं.नीही उडवली. पण शिडी तीच राहिली. धाराशिवच्या माणसाला ही गोष्ट टोचते. मला ती सुसह्य होते ते भक्ती बर्वे यांच्यामुळे. शिकून-सवरून मंजुळा स्वच्छ मराठी बोलू लागते तेव्हा त्यांच्या आवाजात जुन्या मंजुळेचा श्वास तसाच राहतो. उच्चार बदललेला असतो, पण शेवटचा शब्द टाकण्याची खोड तीच, राग आल्यावर आवाज घशातून छातीत उतरण्याची लकबही तीच. ज्यांनी स्वतः गावची बोली बाजूला ठेवून शहरी मराठी घेतली आहे त्यांना हे ऐकताच ओळखू येतं. बोलणं बदलता येतं, श्वास बदलत नाही, आणि मंजुळेला ते माहीत आहे असं वाटत राहतं.

आता या आवाजाची दुसरी बाजू. भक्ती बर्वे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर निवेदिका होत्या. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि वरळीच्या त्या केंद्रावरून मराठी बातम्या वाचणाऱ्यांच्या पहिल्या फळीत त्या आल्या. प्रदीप भिडे, स्मिता पाटील हीही त्याच काळातली नावं. बातम्या वाचणं हे काम आज कुणाला फार मोठं वाटणार नाही, कारण आता दिवसभर बातम्यांचा गलका असतो. तेव्हा दिवसातून थोडाच वेळ प्रक्षेपण, आणि त्यात मराठी बातमीपत्र म्हणजे सगळ्या घरानं एकत्र बसून ऐकण्याची गोष्ट. हातात कागद, मान वर करून प्रेक्षकाकडे बघायचं, पुन्हा कागदावर यायचं, आणि यात वाक्याचा सूर कुठं तुटू द्यायचा नाही. नाव चुकलं की सगळ्या शहरानं ऐकलेलं. परदेशी पुढाऱ्याचं नाव, खेड्याचं नाव, आकडे, मृत्यूची बातमी, पावसाची बातमी, सगळं एकाच संयत आवाजात. दूरदर्शनच्या बातम्यांनी जी मराठी ठरवली ती पुढे शाळांच्या वक्तृत्व स्पर्धांत, नभोवाणीच्या चाचण्यांत, निवेदनाच्या वर्गांत आदर्श म्हणून घेतली गेली.

म्हणजे ज्या वर्षांत ही बाई पडद्यावरून प्रमाण मराठीचा नमुना देत होती, त्याच वर्षांत ती रंगमंचावरून प्रमाण मराठीच्या मास्तरला खडसावत होती. सत्तरच्या दशकातल्या मुंबईकरानं हे दोन्ही पाहिलं. एकाच गळ्यातून दोन मराठी बोलणं हे तिचं कसब होतंच. पण मला त्यात तिची निष्ठाही दिसते. दोन्हींपैकी एकही ती खालची मानत नव्हती. बातमीच्या मराठीची शिस्त तिनं मंजुळेला दिली, म्हणून मंजुळेचा प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचला. आणि मंजुळेचा जिवंतपणा तिनं निवेदनाला दिला, म्हणून तिचं निवेदन कोरडं झालं नाही.

आमच्या भागात दूरदर्शन उशिरा आलं. १९८२ च्या एशियाडच्या निमित्तानं रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, आणि १९८४ च्या सुमारास देशभर झपाट्यानं प्रक्षेपक उभे राहिले तेव्हा लहान शहरांतल्या छपरांवर अँटेना दिसू लागले. त्याआधी आमच्याकडे जे होतं ते कानाचं. आकाशवाणीचं परभणी केंद्र जवळचं. रात्री हवा स्वच्छ असली की मुंबई केंद्र खरखरत लागायचं. शिवाय ध्वनिफिती. नाटक बघायचं तर सोलापूर गाठायचं. तुळजापूरहून सोलापूर दीड तासाच्या आतलं, पण नाटक रात्री सुटायचं आणि परतीची एसटी सकाळची. त्यामुळे आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी व्यावसायिक मराठी रंगभूमी आधी ऐकली आणि फार नंतर पाहिली. भक्ती बर्वे यांना ओळखायला ही सवय उपयोगी पडली, असं मला वाटतं. त्यांचा अभिनय नुसता ऐकला तरी ऐंशी टक्के पदरात पडतो. दिसायला त्या साध्या, अंगानं लहानखुऱ्या. रंगमंचावर पाय ठेवताच डोळे दिपावेत असं त्यांच्या रूपात काही नव्हतं. सगळं आवाजानं बांधलेलं.

या आवाजाची शाळा कुठली हे चरित्रात वाचायला मिळेल, तरी एक गोष्ट आधीच सांगतो. भक्तीताई सुधा करमरकर यांच्या ‘लिटल थिएटर’मधून आल्या. सुधाताईंनी १९५९ साली मुंबईत बालरंगभूमीचं काम उभं केलं, रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ हे तिथलं पहिलं नाटक. ‘चिनी बदाम’सारख्या नाटकांतून भक्ती बर्वे मुलांपुढे उभ्या राहिल्या. मुलांपुढे काम करणं ही नटाची फार कडक परीक्षा असते. मोठा प्रेक्षक कंटाळला तरी तिकिटाच्या पैशांकडे बघून गप्प बसतो. मूल बसत नाही. ते उठतं, बोलतं, आईला पाणी मागतं. त्याला धरून ठेवायचं तर एकही शब्द पोकळ जाऊन चालत नाही. मंजुळेच्या बोलण्यात जो कधीही न सैलावणारा ताण आहे, त्याचं मूळ मला या बालनाट्यांत दिसतं. आज धाराशिवात, कळंबात, उमरग्यात शाळांची नाटकं बसवणारे शिक्षक आहेत, मोबदला न घेता सुट्टीच्या दिवशी मुलांना गोळा करतात. त्यांनी या चरित्रातला हा भाग दोनदा वाचावा.

पुढच्या कामांपैकी काहींची नुसती नोंद पुरे. ‘हँड्स अप’ चाललं. अशोक पाटोळे यांचं ‘आई रिटायर होतेय’ घराघरांत पोचलं. आयुष्यभर स्वयंपाकघरात राबलेली बाई एक दिवस जाहीर करते की माझी नोकरी संपली, ही त्याची कल्पना आणि ती आई भक्तीताईंची. हिंदी प्रेक्षक त्यांना ओळखतो तो १९८३ च्या ‘जाने भी दो यारों’मुळे. कुंदन शाह यांच्या त्या चित्रपटात त्या ‘खबरदार’ या नियतकालिकाच्या संपादिका शोभा सेन झाल्या, गोड बोलून गळा कापणाऱ्या. नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, पंकज कपूर, सतीश शाह अशा मंडळींत त्या कुठंही कमी पडत नाहीत. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९९० साली मिळाला. चित्रपटांत त्यांना त्यांच्या तोलाची कामं फार थोडी मिळाली, याची मला खंत आहे.

दोन कामांवर मात्र थांबायला हवं.

पहिलं दूरदर्शनवरचं ‘बहिणाबाई’. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या असोद्याच्या. अक्षरओळख नाही, शेतात आणि चुलीपुढे ओव्या रचल्या, त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली कविता पुस्तकरूपानं आल्या आणि मराठी साहित्य थक्क झालं. त्यांची भाषा लेवा समाजाची बोली, खानदेशी मातीतली. ती भूमिका भक्ती बर्वे यांनी केली. इथं मंजुळेसारखा ठसका नाही, भांडण नाही, सूड नाही. इथं अडाणी म्हणवली गेलेली बाई जगाबद्दल सगळ्यात शहाणं बोलते. आणि ती बोलते आपल्याच बोलीत, कुणाही प्राध्यापकाकडे न जाता. मंजुळा आणि बहिणाबाई या दोन भूमिका शेजारी ठेवल्या की मला नाटकाबद्दलच्या माझ्या तक्रारीचं उत्तर त्याच नटीकडून मिळाल्यासारखं वाटतं. बातम्या वाचणारी प्रमाण मराठी, फुलवालीची मुंबईतली रस्त्यावरची मराठी, आणि शेतकरी बाईची खानदेशी. तिन्हींना तिनं सारखाच मान दिला.

आमच्या भागाला बहिणाबाई परक्या नाहीत. तुळजापूरला नवरात्रात या. गळ्यात कवड्यांच्या माळा, हातात परडी, रात्रभर आई राजा उदो उदोचा गजर. आराधी बायका देवीपुढे गाणी म्हणतात, गोंधळी संबळ धरतात. येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्री यात्रेतही हेच. या बायका कुणाकडून उच्चार शिकल्या नाहीत, आणि लाखो माणसांसमोर उभं राहून बोलायला त्यांना कधी भीती वाटली नाही. बाईचा जाहीर आवाज आमच्याकडे नाटक आल्यावर आला असं नाही, तो देवीच्या दारात आधीपासून होता. पण या आवाजाला कला म्हणून कुणी मोजलं नाही. बहिणाबाईंची भूमिका एका नामवंत अभिनेत्रीनं इतक्या निगुतीनं केली, तेव्हा आमच्याकडच्या आराध्यांच्या आवाजालाही थोडी जागा झाली, असं मी मानतो.

दुसरं काम ‘गांधी विरुद्ध गांधी’. नव्वदच्या दशकातलं हे नाटक गुजराती कादंबरीकार दिनकर जोशी यांच्या कादंबरीवरून आलं. मराठी नाटक अजित दळवी यांचं, दिग्दर्शन चंद्रकांत कुलकर्णी यांचं. दोघेही औरंगाबादच्या नाट्यचळवळीत घडलेले, म्हणजे मराठवाड्याचे. मोहनदास झाले अतुल कुलकर्णी, आमच्या शेजारच्या सोलापुरात वाढलेले. हरिलाल किशोर कदम, आणि कस्तुरबा भक्ती बर्वे. बाप महात्मा होत जातो आणि मुलगा हातातून सुटत जातो, त्या दोघांमध्ये उभी असलेली आई. मंजुळेनं आयुष्यभर बोलून दाखवलं, कस्तुरबांना बरंचसं न बोलता दाखवायचं होतं. ज्या नटीची सारी कीर्ती आवाजावर, तिनं इथं आवाज आवरून धरला. नवऱ्याचं मोठेपण मान्य आणि मुलाची बाजूही मान्य, अशा बाईची घुसमट वाक्यांच्या मधे उभी करायची हे काम किती अवघड असतं ते नाटकवाल्यांना विचारावं. मराठवाड्याच्या लेखक-दिग्दर्शकांना मुंबईतल्या इतक्या मोठ्या नटीनं आपली उत्तरकाळातली सर्वोत्तम भूमिका दिली, याचा आनंद मला एका मराठवाडी माणसाच्या नात्यानं होतो आणि तो मी लपवत नाही.

मराठवाड्याचं नाव निघालं म्हणून लक्ष्मणराव देशपांडे आठवले. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात त्यांनी बावन्न पात्रं उभी केली आणि मराठवाड्याची बोली जगभर फिरवली. त्यानंतर मकरंद अनासपुरे, संदीप पाठक यांनी ती चित्रपटात आणि नाटकात आणली. त्यांच्यामुळे आमची बोली ऐकून प्रेक्षक खूश होतो, हे चांगलंच झालं. तरीही आज दूरचित्रवाणीवरच्या मालिकांत ही बोली बहुतेक वेळा घरगड्याला, गावाकडून आलेल्या मामाला किंवा विनोदी शेजाऱ्याला दिली जाते. नायिका बोलते ती प्रमाण मराठी. आमच्या जिल्ह्यातून मुंबईला गेलेल्या मुलींना निवड चाचणीत पहिली सूचना मिळते ती उच्चार नीट करा ही. त्यांनी उच्चार जरूर नीट करावेत, नटाला सगळं यायला हवं. पण भक्ती बर्वे यांना सगळं येत होतं याचा अर्थ त्यांना एकच येत होतं असा नाही. प्रमाण मराठी हे त्यांच्या हातातलं एक साधन होतं, घर नव्हतं. आमच्याकडच्या मुलींपाशी तर एक बोली आधीपासून आहे, जी मुंबईच्या नटीला महिनोन् महिने कान देऊन शिकावी लागते. ती टाकून देण्याची त्यांना काहीच गरज नाही.

एप्रिल २०१७ मध्ये ९७ वं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन आमच्या शहरात, तेव्हाच्या उस्मानाबादेत झालं. अध्यक्ष जयंत सावरकर. पावणेतीन वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, ९३ वं साहित्य संमेलनही इथंच झालं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यानं दोन्ही संमेलनं मनापासून केली. तरी मोठ्या नटांची नाटकं नेमानं आमच्यापर्यंत यायला हवीत आणि तशी ती येत नाहीत. त्याला कारणंही खरी आहेत. दौऱ्याचा खर्च, सुसज्ज नाट्यगृहं, परतीचं अंतर. मुंबईहून निघालेली नाटकाची बस पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर करून वळते, सोलापूरपर्यंत येते, पुढं क्वचित.

आणि हा रस्ता मराठी नटांना फार महाग पडला आहे. १९८० साली शांता जोग आणि जयराम हर्डीकर नाटकाच्या दौऱ्यावर अपघातात गेले. १९८४ साली अरुण सरनाईक गेले. २०१२ च्या डिसेंबरात आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर. त्याच मार्गावर भाताण बोगद्याजवळ १२ फेब्रुवारी २००१ रोजी भक्ती बर्वे यांच्या गाडीला अपघात झाला आणि त्या गेल्या. वाईला ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ हा कार्यक्रम करून त्या मुंबईला परतत होत्या. वय ५२. पु. लं.ना जाऊन आठ महिने झाले होते. पती शफी इनामदार यांना जाऊन पाच वर्षं होत आली होती. शफी हे स्वतः उत्तम नट आणि दिग्दर्शक, ‘ये जो है जिंदगी’मुळे देशभर माहीत झालेले, १३ मार्च १९९६ रोजी गेले. त्या दोन माणसांच्या पश्चात भक्तीताई महाराष्ट्रभर एकट्यानं हिंडत होत्या, पु. लं.ची आणि मंजुळेची गोष्ट सांगत. प्रयोग संपला, जेवण झालं, आता रात्रीतच निघू म्हणजे सकाळी घरी, हा मराठी नाटकवाल्यांचा शिरस्ता. नाटकावर प्रेम करणाऱ्या आपण सर्वांनी तो बदलायला लावला पाहिजे. आयोजकांनी मुक्कामाचा खर्च धरल्याशिवाय कलावंताला बोलावूच नये. ही मागणी या प्रस्तावनेत बसते की नाही याचा मी विचार केला आणि ती इथंच ठेवायचं ठरवलं.

रंगभूमीवरच्या नटीचं मागे फार थोडं उरतं. ‘जाने भी दो यारों’ उरला आहे. मंजुळेच्या स्वगताचं ध्वनिचित्रण आजही बघायला मिळतं. बाकी प्रयोग ज्यांनी पाहिले त्यांच्या कानात आहेत, आणि ती माणसं आता सत्तरीच्या पुढची. म्हणून चरित्र लिहिलं जाणं गरजेचं होतं. भूमिकांची यादी कुठंही सापडते. एक आवाज कसा घडला, त्याला कोणी घडवलं आणि त्यानं कोणाला काय दिलं, हे एखाद्यानं बसून लिहावं लागतं.

हे पुस्तक वाचायला घेणाऱ्या तरुण वाचकाला, विशेषतः राज्य नाट्य स्पर्धेसाठी किंवा पुरुषोत्तम करंडकासाठी एकांकिका बसवणाऱ्या आमच्या जिल्ह्यातल्या मुला-मुलींना एक सुचवतो. पहिलं प्रकरण उघडण्याआधी मंजुळेचं ते स्वगत डोळे मिटून ऐका. शब्दांकडे लक्ष देऊ नका, ते तुम्हाला पाठ आहेत. ती श्वास कुठं घेते ते मोजा. मग ‘जाने भी दो यारों’मधली शोभा सेन ऐका, तिचं हिंदी, तिचं लाडीक बोलणं, आणि त्यातही वाक्याचा शेवट कसा घट्ट धरलेला आहे ते बघा. नंतर आपल्या गावातल्या कुणा म्हातारीला एखादी गोष्ट सांगायला बसवा, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि तिचेही श्वास मोजा. एवढं झालं की पुस्तकाला सुरुवात करा. बालनाट्याच्या प्रकरणापासून केलीत तरी चालेल.